नऊ सेंटीमीटर

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एखादी तरी गोष्ट अशी असावी लागते, जी त्याला रोजच्या धुळीतून वर उचलते. ती नसेल तर माणूस नुसता हजेरीपटावरचा अनुक्रमांक होऊन राहतो. उपअभियंत्याकडे अशी गोष्ट होती आणि ती त्याला धुळीपासून बरोबर नऊ सेंटीमीटर वर उचलत होती.

गाडी मुळात अगदी साधी होती. शाळेतल्या बाई निवृत्त झाल्यावर भाजी आणायला घेतात तसली. उपअभियंत्याने ती तिसऱ्या मालकाकडून घेतली आणि उस्तादच्या हवाली केली. उस्ताद म्हणजे गोदामांच्या रांगेत गॅरेज असलेला मेकॅनिक. तो कुठल्याही गाडीला चांगली किंवा वाईट म्हणत नसे. बॉनेटवर हात ठेवून, हात बघणाऱ्या ज्योतिष्याच्या गांभीर्याने, "हिच्यात आहे, पण दाबून ठेवलंय," एवढंच म्हणे. सहा वर्षांत त्याने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला. गाडीच्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्रॅम पुसून स्वतःचा घातला. सायलेन्सरच्या जागी मनगट आत जाईल असा पाइप लावला. स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या, त्यामुळे गाडी जमिनीला जवळजवळ टेकली, खाली नऊ सेंटीमीटर उरले. वजन कमी करायला मागची सीट काढून टाकली. पुढे दोन खोलगट सीट आल्या. त्यांत बसताना आधी पाय, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी स्वाभिमान आत ओढून घ्यावा लागे. चाकं रोलरवर फिरवून इंजिनाची ताकद मोजली तेव्हा तीनशे बासष्ट हॉर्सपॉवर निघाली. तो छापील कागद उपअभियंत्याने लॅमिनेट करून घेतला. लग्नाचा दाखला घरात नेमका कुठे आहे हे त्याला सांगता आलं नसतं.

तर हे तीनशे बासष्ट घोडे रोज सकाळी घरातून कचेरीत जात आणि संध्याकाळी घरी येत. अंतर अकरा किलोमीटर, वेळ बेचाळीस मिनिटं. पहिल्या सिग्नलला इंजिन गुरगुरायचं, दुसऱ्याला तापायचं आणि तिसऱ्याला, मागे बस असेल तर हमखास, बंद पडायचं. खड्डा दिसला की तो उपअभियंत्याला टायरच्या आधी दाढेत जाणवायचा. क्लच इतका जड की त्याची डावी पोटरी उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर जाड झाली होती. हे बायकोने टेप लावून मोजलं होतं. बायको इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती आणि अशा गोष्टी मोजण्याची तिला सवय होती. ती स्वतः त्या गाडीत शेवटची बसली त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी ती उतरली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, की एखादा पेशंट असल्या वस्तूत आपखुशीने बसतो असं कळलं, तर मी त्याला वेगळ्या विभागात पाठवते.

राहता राहिले गतिरोधक. इथे योगायोगाने जरा जास्तच मेहनत घेतली असं म्हणावं लागेल, कारण उपअभियंता नगरपालिकेच्या रस्ते विभागात होता आणि गावभरच्या गतिरोधकांचे अर्ज त्याच्याच टेबलावर येत. सहा वर्षांत एक्केचाळीस अर्ज आले. एकोणीस त्याने मंजूर केले. त्या अकरा किलोमीटरवर एकही नव्हता. कुठे त्याने "पाण्याचा निचरा अडेल" असा शेरा मारला, कुठे "रुग्णवाहिकेस अडथळा", आणि काहीच सुचलं नाही तिथे "वाहतूक मोजणी आवश्यक". तो कुणाकडून कपभर चहादेखील घेत नसे. स्वच्छ माणूस म्हणून त्याचं नाव होतं, आणि स्वच्छ माणसाच्या शेऱ्यामागे काय आहे हे बघायला कुणी वाकत नाही.

आता एवढं सगळं कशासाठी, तर चार सेकंदांसाठी. लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरून वळलं की त्याच्या घराच्या फाटकापर्यंत सव्वाशे मीटर सरळ रस्ता होता. तो त्यानेच दोनदा नव्याने डांबरून घेतला होता. टेबलावर गोटी ठेवावी असा गुळगुळीत. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो तिथे वळायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि पाय पूर्ण दाबायचा. टर्बो भरायचा, पाठ सीटमध्ये रुतायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. बाहेरच्याही. चार सेकंद. मग ब्रेक आणि फाटक. उरलेला सगळा दिवस तो या चार सेकंदांसाठी सहन करायचा. तेवढा वेळ तो कुणाचा मुलगा नसायचा, नवरा नसायचा आणि उप तर नसायचाच.

त्याच सव्वाशे मीटरच्या मधोमध त्याचे वडील रस्ता ओलांडत.

वडील याच घरात खालच्या खोलीत राहत. वय एकोणऐंशी. पाणीपुरवठा कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं आवक-जावक लिपिक म्हणून काढली होती. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा आणि गेलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, हे ते काम. क्रमांक नसलेली गोष्ट घडलेली नसते, असं त्यांचं साधारण मत होतं. त्यांची पत्नी वारल्यापासून त्यांना जायला एकच जागा उरली होती, फाटकापासून थोड्या अंतरावर, रस्त्यापलीकडे घड्याळजीचं दुकान. दुकान म्हणजे दार उघडलं की संपणारं. आत घड्याळजी, एक स्टूल आणि थांबलेली घड्याळं. घड्याळजीचा गुडघा धरलेला, म्हणून रस्ता ओलांडण्याचं काम वडिलांकडे. साडेचारला ते जात, सातला परत येत. वडील पेपर मोठ्याने वाचत आणि घड्याळजी डोळ्याला भिंग लावून "हं" म्हणे. बारा वर्षांत दोघांचं एकदाही भांडण झालं नव्हतं, कारण दोघांनीही एकमेकांचं कधी पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं.

पूर्वी हा रस्ता वडिलांना नऊ पावलांचा होता. आता तेवीस पावलं लागत. डावा कान गेलेला, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मुलाकडे विषय काढला, की दुकानासमोर एखादा गतिरोधक झाला तर बरं. उपअभियंता बघू म्हणाला. पुढच्या आठवड्यात परत काढला, तेव्हाही बघू म्हणाला. असं सात वेळा झाल्यावर वडिलांनी विषय काढणं बंद केलं आणि उपअभियंत्याला वाटलं, संपलं.

दहा दिवसांनी त्याच्या टेबलावर अर्ज आला. ओळखीचं, तिरकं, जुन्या शाईचं अक्षर. "महोदय" अशी सुरुवात. पहिली सही वडिलांची, दुसरी घड्याळजीची, खाली गल्लीतल्या चौदा जणांच्या. त्या संध्याकाळी तो अर्ज हातात घेऊनच खालच्या खोलीत गेला.

"बाबा, हे काय?"

"अर्ज."

"ते दिसतंय मला. घरी बोलायचं ना."

"घरी सात वेळा बोललो," वडील म्हणाले. "घरात आवक क्रमांक पडत नाही."

उपअभियंत्याने अर्जावर "वाहतूक मोजणी आवश्यक" असा शेरा मारला आणि तो ट्रेमध्ये ठेवला. महिन्याने पहिलं स्मरणपत्र आलं, मग दुसरं. वडील ती पोस्टाने पाठवत. सकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जात, पाकीट आत टाकत आणि पेटीला दोनदा थापटत. तिथून ते तीन दिवसांनी अकरा किलोमीटरवरच्या कचेरीत पोचे. एकदा उपअभियंता म्हणाला, द्या इकडे, मी जातोच आहे, घेऊन जातो. वडिलांनी पाकीट छातीशी धरलं. अर्जदाराने अधिकाऱ्याच्या हातात परस्पर कागद देऊ नये, असं म्हणाले. आणि मग, तो चप्पल घालत असताना, जेवणाचा डबा राहिला बघ, असंही म्हणाले.

तिसऱ्या स्मरणपत्राला मोजणी टाळता येईना. तिची पद्धत ठरलेली होती. अधिकाऱ्याने स्वतः वेगमापक घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचं, संध्याकाळी पाच ते सात, तीन दिवस. जाणाऱ्या प्रत्येक वाहनावर यंत्र रोखायचं आणि आकडा तक्त्यात भरायचा. उपअभियंता हे काम मनापासून करणाऱ्यांपैकी होता. त्याने स्वतःची गाडी मोजणीत अडथळा नको म्हणून लॉन्ड्रीमागच्या बोळात लावली, घरातून खुर्ची आणली आणि बसला. तीन दिवसांत चारशे बारा वाहनं गेली. सर्वांत वेगवान निघाली बेकरीची व्हॅन, ताशी अडतीस. सरासरी तेवीस. रस्ता इतका शांत आहे याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

हे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की त्याने लबाडी केली. त्याने केली नाही. चारशे तेरावं वाहन बोळात उभं आहे, हे तीन दिवसांत त्याच्या मनाला एकदाही शिवलं नाही. लबाडी करायची तर आपण कोण आहोत हे आधी ठाऊक असावं लागतं.

समोर घड्याळजीच्या स्टुलावर बसून वडील तीनही दिवस हे बघत होते. पेपर त्यांच्या मांडीवर घडी घातलेलाच होता.

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र घरी आलं. "वाहनांचा वेग विहित मर्यादेत आढळून आल्याने" वगैरे. खाली मुलाची सही. वडिलांनी ते दोनदा वाचलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फाइलला लावलं. संध्याकाळी जेवताना ते एकदम मवाळ होते. त्यांनी मुलाला विचारलं, की रस्त्यावरचे दिव्यांचे खांब तुम्ही किती अंतरावर लावता. वडिलांनी त्याच्या कामाबद्दल काही विचारावं, असं वीस वर्षांत घडलं नव्हतं. उपअभियंत्याचा घास हातात राहिला. तीस मीटर, तो म्हणाला, आणि मग खांबाची उंची, दिव्याचा कोन, पाया किती खोल, हेही सगळं सांगितलं. वडील मान डोलावत होते. बायकोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पाण्याचा जग पुढे सरकवला.

घड्याळजीकडे एक स्टॉपवॉच होतं, कुणीतरी दुरुस्तीला टाकलेलं आणि परत न नेलेलं. ते त्याने चालू करून दिलं.

पाच आठवड्यांनी अपील आलं. ते कार्यकारी अभियंत्याच्या नावाने होतं, म्हणजे उपअभियंत्याच्या साहेबांच्या. सोबत एक तक्ता, बावीस कामाचे दिवस, प्रत्येक दिवशी एकच वाहन, वेळ सहा दहा, दोन खांबांमधलं तीस मीटर अंतर कापायला लागलेले सेकंद. दीड. दीड. एक दशांश सहा. दीड. शेवटच्या रकान्यात वेग, बहुतेक दिवशी ताशी बहात्तर. आणि खाली दोन ओळी: "विभागाच्या मोजणीत सदर वाहन आढळून येत नाही. मोजणीच्या तिन्ही दिवशी ते बोळात उभे होते व त्याचा चालक मोजणी करीत होता."

कार्यकारी अभियंता कागद वाचत नसे. तो कागद खाली पाठवत असे. वरून आलेला खाली आणि खालून आलेला अजून खाली, अशी त्याची अठ्ठावीस वर्षांची निर्दोष कारकीर्द होती. त्याने अपिलाच्या कोपऱ्यात "नियमानुसार अभिप्राय सादर करावा, मुदत पंधरा दिवस" असं लिहिलं आणि ते संबंधित टेबलाकडे पाठवलं. संबंधित टेबल एकच होतं.

उपअभियंत्याने अपील वाचलं. मग तक्ता वाचला. अक्षर सगळीकडे सारखं होतं, कुठे हात थरथरलेला नव्हता, खाडाखोड नव्हती. त्याला पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, आणि मग, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, एक दशांश सहा कुठल्या दिवशी लागले आणि का, याचा तो विचार करायला लागला. बहुधा टायरमध्ये हवा कमी होती.

कागद त्याने ट्रेच्या खाली सरकवला. तीन दिवस त्याने गाडी लॉन्ड्रीपासून फाटकापर्यंत हळू नेली. चौथ्या दिवशी त्याने शांतपणे हिशेब मांडला. वडील साडेचारला रस्ता ओलांडतात आणि सातला ओलांडतात. आपण येतो सहा दहाला. म्हणजे दोन्ही वाहतुकींचा एकमेकींशी काहीच संबंध येत नाही. रस्ते विभागात याला वेळेचे विभाजन म्हणत आणि ते शास्त्रशुद्ध मानलं जाई. चौथ्या दिवशी त्याने पाय पुन्हा पूर्ण दाबला.

मुदतीच्या बाराव्या दिवशी घड्याळजीला डोळ्याच्या डॉक्टरची वेळ मिळाली होती, साडेसहाची. त्याने सहाला दुकान आवरायला घेतलं.

उपअभियंता लॉन्ड्रीवरून वळला, दुसरा गिअर टाकला आणि दाबलं. पहिला सेकंद, दुसरा सेकंद. तिसऱ्यात त्याला रस्त्याच्या मधोमध कुणीतरी उभं दिसलं. ब्रेक उस्तादने गेल्याच वर्षी बदलले होते, मोठ्या डिस्कचे. गाडी नाकावर बसल्यासारखी झाली, पट्टा छातीत रुतला, टायर किंचाळले आणि गाडी थांबली. बंपर आणि माणूस यांच्यामध्ये चार पावलं अंतर उरलं. उपअभियंत्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की ब्रेक काय जबरदस्त आहेत. हा विचार पूर्ण झाल्यावरच त्याने वडिलांना ओळखलं.

गाडीने त्यांना स्पर्शही केला नव्हता. ते तिच्याकडे वळायला गेले, काठी त्या गुळगुळीत डांबरावरून सरकली आणि ते हळूच, खुर्चीवर बसावं तसे खाली बसले. आवाज अगदी लहान झाला.

तो सीटमधून उतरेपर्यंत, म्हणजे आधी कंबर मग पाय, घड्याळजी लंगडत रस्त्याच्या कडेला आला होता. वडील चेहरा वेडावाकडा न करता बसून होते. त्यांनी बंपरकडे बघितलं, मग मुलाकडे.

"थांबते चांगली," ते म्हणाले.

त्यांना उठवता येईना. इस्पितळ अडीच किलोमीटरवर होतं आणि तिथे पोचण्यासाठी तीनशे बासष्ट घोडे दारात उभे होते, पण मागे सीट नव्हती आणि पुढच्या सीटमध्ये मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन बसता येत नाही. घड्याळजीने रुग्णवाहिका बोलावली. तिला यायला सव्वीस मिनिटं लागली. तोपर्यंत उपअभियंता डांबरावर वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि गाडीचे चारही दिवे उघडझाप करत होते. येणारीजाणारी वाहनं हळू होऊन, वळसा घालून जात होती. बेकरीची व्हॅनसुद्धा.

इस्पितळात डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं. वडिलांनी "तोल गेला" असं सांगितलं. डॉक्टरांनी तसं लिहिलं. घड्याळजी बाकावर बसून होता, त्याची डोळ्याच्या डॉक्टरची वेळ टळून गेली होती, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. बायको आपल्या विभागातून तशीच कोटावर खाली आली. तिने सासऱ्यांचा पाय बघितला, एक्स-रे बघितला, मग नवऱ्याच्या शर्टावर पट्ट्याने उमटलेला आडवा चुरगळा बघितला. तो कशाने पडतो हे तिला माहीत होतं.  

ऑपरेशन नीट झालं. एकोणऐंशीव्या वर्षी नीट झालं म्हणजे काय, हे बायकोने नंतर घरी सांगितलं. वॉकर घेऊन खोलीतून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरातून टेबलापर्यंत. उंबऱ्यापर्यंत जमेल. पलीकडे नाही.

अपघातानंतर पंधराव्या दिवशी, म्हणजे अभिप्रायाची मुदत संपून बारा दिवस झाले तेव्हा, कचेरीत पोस्टाने एक पाकीट आलं. अक्षर बायकोचं होतं, सही वडिलांची. सही थोडी खाली उतरली होती. मजकूर असा:

"महोदय, दिनांक व क्रमांक वरीलप्रमाणे केलेले अपील मी मागे घेत आहे. अर्जदारास यापुढे रस्ता ओलांडण्याचे प्रयोजन उरले नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात यावे. आपल्या विभागास झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे."

उपअभियंत्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, वारा नसताना. आवक लिपिक विचारायला आला की ह्याच्यावर क्रमांक टाकायचा राहिलाय का. टाक, तो म्हणाला.

मग त्याने सहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मागे घेतलेला अर्ज त्याने मंजूर केला. जागा: घड्याळ दुरुस्ती दुकानासमोर. उंची: दहा सेंटीमीटर. ही कमाल मर्यादा होती. साधारणपणे तो आठ लिहीत असे. गाडीखाली नऊ होते. त्याने दहा लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, आणि सही केली. स्वतःला शिक्षा देण्याची याहून अचूक पद्धत रस्ते विभागात उपलब्ध नव्हती. फाइल चार दिवसांत वर जाऊन खाली आली, कारण ती कुणी वाचली नाही.

संध्याकाळी तो खालच्या खोलीत गेला. वडील पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"मंजूर केला, बाबा."

"जावक क्रमांक?"

त्याने सांगितला. वडिलांनी उशीखालून वही काढली आणि लिहून घेतला. लिहून झाल्यावर पेनचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. तो मदतीला पुढे झाला तेव्हा त्यांनी हात किंचित बाजूला घेतला.

गतिरोधक एका सोमवारी झाला. लॉन्ड्रीकडून डांबराचा वास दिवसभर येत राहिला. ठेकेदार मोजमाप पुस्तक घेऊन कचेरीत आला, तेव्हा उपअभियंत्याने तिथल्या तिथे सही केली. एरवी तो जागेवर जाऊन पट्टी लावल्याशिवाय सही करत नसे, ही त्याची ख्याती होती. या वेळी त्याला जाववेना. पुस्तकात दहा लिहिलेलं होतं, आणि दहा का लिहिलेलं आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून गाडी फाटकाच्या आत उभी राहिली. फाटकाच्या पलीकडे गल्ली दुचाकीपुरतीच उरत होती. बाहेर पडायचं तर गतिरोधकावरूनच. दहावर नऊ बसत नाहीत. तो बसने कचेरीत जायला लागला. बसला बेचाळीस मिनिटंच लागायची, फक्त गुडघे दुखत नसत. रोज सकाळी तो गतिरोधकाला वळसा घालून, कडेच्या फरशीवरून चालत जाई. वर मारलेले पांढरे पट्टे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत आणि त्याला तो चांगला उंच वाटे. समोर घड्याळजी साडेचारच्या सुमारास स्टूल बाहेर काढून ठेवत असे आणि सातला आत घेत असे. वडील खिडकीत वॉकर धरून उभे राहत. कधी हा हात वर करी, कधी ते. पेपर आता वडील मनातच वाचत. स्टॉपवॉच त्यांनी सुनेच्या हाती परत पाठवलं. ती दुकानात गेली तेव्हा घड्याळजीने ते घेतलं आणि ते चालूच आहे असं पाहून बंद केलं.

दोन महिन्यांनी उस्ताद एका दंतवैद्याला घेऊन आला. तरुण, हसरा माणूस होता, गाडीभोवती दोनदा फिरला आणि आत बसून हसला. उस्तादने बॉनेटवर हात ठेवला आणि उपअभियंत्याला विचारलं, की खरंच देतोस का, हिच्यात अजून आहे. उपअभियंता देतो म्हणाला. कागदांवर सह्या झाल्या. लॅमिनेट केलेला कागदही त्याने दिला. मग त्याने दंतवैद्याला बजावलं की गाडी चालवत नेऊ नका, समोर दहाचा गतिरोधक आहे, बंपर आणि टर्बोचा पाइप दोन्ही जातील. उचलून न्यायची क्रेन मी अकरा वाजता बोलावली आहे.

दंतवैद्य बरं म्हणाला. अशा लोकांचं बरं किती खरं असतं हे दाढ काढून घेतलेल्यांना माहीत असतं. उपअभियंता क्रेनवाल्याला फोन लावत असतानाच इंजिन सुरू झालं, फाटक ओलांडलं गेलं, आणि खिडक्यांच्या काचा ओळखीच्या आवाजात थरथरल्या. तो धावत बाहेर आला. गाडी गतिरोधकावर पोचली होती. तिने वेग कमी केला नाही. ती किंचित वर झाली, किंचित खाली आली, खाली कुठेही काही घासलं नाही, आणि लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. मागे खिडकीत वडिलांच्या वॉकरचे पाय खरडल्याचा आवाज झाला.

उस्ताद म्हणाला, बघितलंस, किती छान बसवलीये मी.

उपअभियंता घरात गेला आणि बायकोच्या पिशवीतला टेप, पोटरी मोजायचा, आणि स्वतःची पट्टी घेऊन आला. रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसून, पांढऱ्या पट्ट्यावर सरळ पट्टी आडवी धरून, त्याने तीन ठिकाणी मोजलं. बेकरीची व्हॅन मागे येऊन हॉर्न वाजवायला लागली.

तिन्ही ठिकाणी उंची साडेसहा सेंटीमीटर भरली.